तळं दिसतं त्याची घरपट्टी

वेंडेल ट्रॅस्क एकोणीस वर्षं ईस्ट पेरिन गावाचा आकारणीवाला आहे, आणि तो निवडून कसा आला ते तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटतो. दुसऱ्या कुणी सांगितलं तर जास्त लागेल, म्हणून.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमची गावसभा भरते. सगळं गाव शाळेच्या हॉलमधे लोखंडी खुर्च्यांवर बसतं आणि वर्षाचं अंदाजपत्रक, रस्ते, बर्फ काढायचा ट्रक, सगळं आपल्याच तोंडाने ‘हो’ नाहीतर ‘नाही’ ओरडून ठरवतं. त्यात आकारणीवाला निवडायची पाळी आली की जो तो आपल्या बुटांकडे बघायला लागतो. कामच तसं आहे. घरोघर फिरायचं, प्रत्येक घराची किंमत लावायची, त्या किमतीवर घरपट्टी बसली की वर्षभर शिव्या खायच्या. तेव्हा गावाने कुठेही न लिहिलेला एक नियम करून ठेवलाय. त्या घडीला जो हॉलच्या बाहेर असेल, त्याचं नाव पुढे करायचं. शहाणी माणसं त्या वेळी लघवी दाबून बसतात.

वेंडेलची पाठ कामातून गेली म्हणून त्याने नुकताच दुधाचा टँकर सोडला होता. हातात वेळच वेळ, आणि पोटात जागा. तो दुसरा डोनट आणायला मागच्या स्वयंपाकघरात गेला. परत आला तर लोक टाळ्या वाजवतायत. त्याला वाटलं, शेवटचा डोनट आपण पटकावला त्याचंच कौतुक चाललंय. त्याने डोनटवाला हात उंच करून दाखवला आणि कमरेत वाकला.

“बस खाली, येड्या,” त्याची बायको बर्निस म्हणाली. “तू आकारणीवाला झालास.”

“अगं, मग तू काही बोलली नाहीस?”

“बोलले ना. अनुमोदन मीच दिलं.”

तेव्हापासून वेंडेल हातात कागद अडकवायची फळी, खिशात मोजायची फीत घेऊन फिरतोय. आकारणीवाला दारात दिसला की माणसं एकदम गरीब होतात. कालपरवापर्यंत ज्या नव्या ओसरीवर बसून बिअर पीत होते, ती ओसरी ‘अजून पूर्ण कुठे झालीये’ असते. नवं न्हाणीघर ‘चालत नाही हो’ असतं. एका बाईने तर तळघरातली टेबल-टेनिसची खोली ‘बटाटे ठेवायची’ म्हणून दाखवली होती, आणि बटाटे म्हणून तीन बटाटे ठेवलेही होते. वेंडेल सगळं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि गाडीत बसून खरं ते लिहायचा. ‘नियम म्हणजे नियम’ हे वाक्य तो इतक्यांदा बोलला होता की गावातली कुत्रीसुद्धा त्याला बघून भुंकायची ती त्याच चालीवर, असं बर्निस म्हणायची. दुकानात कुणी त्याच्याशी हसून बोललं की त्याला आधी शंका यायची, याने घराला काय नवीन जोडलं?

तशी आकारणीवाल्यांची पदं तीन. पण एकजण थंडी पडली की फ्लोरिडाला पळतो, आणि दुसरा प्रत्येक कागदावर ‘वेंडेल म्हणेल तसं’ लिहून सही करतो. म्हणजे शिव्या खायला एकटा वेंडेलच.

आणि तरी त्याला त्या कामाचा गुप्त अभिमान होता. चोवीस वर्षं दूध वाहिलं, कुणी विचारलं नाही. आता निदान घाबरतात तरी.

गेल्याच्या गेल्या वर्षी ऑगस्टमधे बर्निसने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं होतं. वेंडेलने खाट पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीशी आणली. खिडकीतून काय दिसायचं, तर पाइनची झाडं. नुसती भिंत. त्या झाडांच्या खाली उतारावर लाँग पाँड, आमचं तळं. रात्री बदकं ओरडली की ऐकू यायचं, पण दिसायचं कधी नाही.

“लग्न झालं तेव्हा म्हणाला होतास, झाडं तोडतो, तळं दाखवतो,” बर्निस म्हणाली. “सेहेचाळीस वर्षं झाली. घाई नाही हो, आपलं आठवलं म्हणून बोलले.”

वेंडेल उठला आणि करवत घेऊन बाहेर गेला. चार दिवसांत त्याने सव्वीस झाडं पाडली. पाठीचा पट्टा बांधून, पंचाहत्तरीला टेकलेला माणूस. एक झाड त्याने बरोब्बर आपल्याच कोंबड्यांच्या खुराड्यावर पाडलं. कोंबड्या वाचल्या, पण त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्याकडे पाठ करून दाणे टिपायच्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी शेवटचं झाड आडवं झालं आणि तळं लख्ख समोर आलं. बर्निसने उशीवरून मान उचलली. मग म्हणाली, “मोठं आहे की रे. मला वाटलं डबकं असेल.”

अकरा आठवडे तिने ते तळं बघितलं. रोज दुपारी वरच्या अंगाची ओडेट बूशार खाली येऊन तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसायची. ओडेटने शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढलेली, गावातल्या निम्म्या लोकांना तिने सूप ओतून मोठं केलंय, त्यामुळे तिच्यापुढे आवाज चढवायची कुणाची टाप नाही. नवरा गेल्यावर रस्त्यापलीकडे, चढावर, त्याने बांधलेल्या घरात ती एकटी राहते. त्या दोघी बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तळ्याच्या कडेला पहिलं बर्फ धरलं आणि बर्निस गेली. वेंडेलने पुढच्या खोलीचं दार बंद केलं, ते पुन्हा उघडलंच नाही.

इथपर्यंत सगळं दुःख होतं, पण सरळ होतं. पुढे आकारणीवाला आडवा आला.

दुसऱ्या वर्षी गावातल्या सगळ्या घरांची नव्याने किंमत लावायची पाळी आली. राज्याचा हुकूम. आणि नियमाच्या पुस्तकात एक रकाना आहे, ‘दृश्य’. घरातून डोंगर दिसत असेल, पाणी दिसत असेल, तर घराची किंमत जास्त. उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या शहरी लोकांच्या बंगल्यांना वेंडेल हा रकाना मोठ्या प्रेमाने भरायचा. आता त्याचं स्वतःचं घर आलं. त्याने लिहिलं, दृश्य आहे, उत्तम आहे. स्वतःची पट्टी स्वतःच्या हाताने वाढवताना त्याला हरिश्चंद्र झाल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला बोला.

पण झाडं गेली ती एकट्या त्याच्या खिडकीपुढून थोडीच गेली! रस्त्यापलीकडे चढावर ओडेटचं स्वयंपाकघर. तिलाही आता वेंडेलच्या छपराच्या बाजूने, बुंध्यांवरून, थेट तळं दिसत होतं. वेंडेल तीन दिवस फळी मांडीवर घेऊन गाडीत बसून राहिला. तिचं सोडावं, तर लोक म्हणणार, आपल्या शेजारणीला वाचवलं. एकोणीस वर्षांची ‘नियम म्हणजे नियम’वाली अब्रू जाणार. शेवटी त्याने लिहिलं, दृश्य आहे. ओडेटची पट्टी वर्षाला अकराशे डॉलर वाढली. पेन्शनवर जगणारी बाई.

पत्र मिळालं त्याच सकाळी ती चपला न बदलता खाली आली.

“वेंडेल ट्रॅस्क, मी तुझ्याकडे तळं मागितलं होतं?”

“नाही गं, पण…”

“दार वाजवून म्हणाले होते, की बाबा, भांडी घासताना मला तळं दाखव?”

“ओडेट, नियम म्हणजे…”

“तो नियम घाल चुलीत! मी खिडकीवर घोंगडी टांगलीये. चल, येऊन बघ. काही दिसत नाही. लिही, दृश्य नाही.”

“पडदे धरत नाहीत.”

“मग झाडं लाव परत.”

“वाढायला चाळीस वर्षं लागतील.”

“मी थांबते,” अठ्ठ्याहत्तर वर्षांची ओडेट म्हणाली, “मला कुठे जायचंय?”

पण जायचंच होतं, ते दोघांनाही कळत होतं. पट्टीचा पहिला हप्ता तिने नवऱ्याचा ट्रॅक्टर विकून भरला. विकण्यासारखं पुढचं म्हणजे घरच. कनेक्टिकटमधली पुतणी कधीपासून बोलावत होती, तिकडे म्हाताऱ्यांसाठी इमारत आहे, लिफ्ट आहे, दर बुधवारी गाणी म्हणतात. “गाणी!” ओडेट नोरीनला म्हणाली होती. ही नोरीन आमच्या गावची कारकून, आणि तिला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. ओडेटने रीतसर तक्रार केली. तक्रार ऐकायला कोण, तर आकारणीवालेच! एक आलाच नाही, दुसरा ‘वेंडेल म्हणेल तसं’. वेंडेलने खाली मान घालून स्वतःचाच निर्णय कायम केला. त्या दिवसापासून ओडेट त्याच्याशी बोलायची बंद झाली. रस्त्यात गाडी समोरून आली तर स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची आमच्याकडे रीत आहे, अगदी वैऱ्यासाठीसुद्धा. तिने तीही उचलली नाहीत. पाच महिने. बर्निसला जाऊन वर्ष उलटलेलं, आणि आता तिच्याबद्दल ज्या एका माणसाशी बोलता आलं असतं, तेही माणूस त्याने स्वतःच्या पेन्सिलीने घालवलं. माणसाने आपल्या पायावर धोंडा मारून घ्यावा, पण किती वेळा घ्यावा!

अजून एकदा. तेही ऐका.

जानेवारीत एका शनिवारी वेंडेल कचरा डेपोवर बाटल्या टाकायला गेला. आमचं खरं गाव शनिवारी डेपोवर भेटतं. कुणाला सभेत एखादा विषय आणायचा असेल तर तो तिथे फळी घेऊन उभा राहतो, आणि फळी पुढे आली की सही करायची. मान्य असो नसो. बोलू तर द्या माणसाला, एवढाच त्याचा अर्थ. सही नाकारणारा माणूस म्हणजे घरी आलेल्याला बस न म्हणणारा. तर वेंडेल बाटल्या टाकून वळतो तो समोर ओडेट. काही न बोलता तिने फळी त्याच्या पुढ्यात धरली. पाच महिन्यांनी ही बाई आपणहून आपल्या समोर आली, याचाच त्याला इतका आनंद झाला की हातमोजे न काढता त्याने सही ठोकली. “थंडी बरीच आहे,” असंही म्हणाला. ओडेट फळी घेऊन निघून गेली.

सोमवारी नोरीनने त्याला ऑफिसात बोलावलं.

“विषय आणायला बेचाळीस सह्या लागतात,” ती म्हणाली, “आणि ओडेटने बेचाळीस आणल्यात. शेवटची तुमची आहे.”

“मग काय झालं? मोकाट कुत्र्यांबद्दलच काहीतरी असेल ना?”

नोरीनने कागद त्याच्याकडे फिरवला. तिन्ही आकारणीवाल्यांची पदं बंद करावीत आणि बाहेरचा माणूस पगारावर नेमावा, यावर गावाने मत द्यावं.

“वेंडेल, तुम्ही वाचत नाही का हो सही करताना?”

“मी काहीच वाचत नाही,” वेंडेल म्हणाला. “माझं एकोणीस वर्षं काही अडलं नाही.”

बोलून गेला, आणि घरी येईपर्यंत तेच वाक्य त्याला टोचत राहिलं. कारण खरंच होतं ते. नियमाचं ते जाडं पुस्तक त्याला निवडून आल्यावर दिलं होतं. चाळिसाव्या पानापर्यंत तो गेला होता, तिथे डेअरीचं बिल खूण म्हणून घालून ठेवलं होतं. ते बिल अजून तिथेच होतं. एकोणीस वर्षं ज्याच्या नावाने तो गावाला दटावत होता, त्यातलं बहुतेक त्याने उघडलंच नव्हतं! त्याला इतकी शरम वाटली की एकटाच असून तो मोठ्याने हसला. मग चष्मा पुसून वाचायला बसला. चार दिवस लागले. एकसष्टाव्या पानावर ते होतं: दृश्य जर दुसऱ्याच्या जमिनीवरून दिसत असेल, आणि त्या जमिनीच्या मालकाने ते झाकण्यासाठी झाडं लावली, तसं गावच्या दप्तरात लिहून दिलं, तर ते दृश्य कायमचं नाही. ते धरायचं नाही.

म्हणजे ओडेटचं घर वाचत होतं. त्याने फक्त पाइनची रोपं लावायची, आणि लिहून द्यायचं की बर्निसचं तळं मी झाकतोय.

वेंडेलने पुस्तक मिटलं. त्या रात्री आणि त्यानंतरच्या कितीतरी रात्री तो पुढच्या खोलीच्या बंद दारासमोरून जेवढ्या वेळा गेला तेवढ्या वेळा थांबला. सेहेचाळीस वर्षांत बायकोने एक गोष्ट मागितली. ती दिली, अकरा आठवडे दिली, आणि आता परत घ्यायची? एकीकडे गेलेलं माणूस आणि दुसरीकडे जिवंत माणूस. कुणीही म्हणेल, यात विचार कसला करायचा. ज्याचं कुणी गेलं नाही त्याने खुशाल म्हणावं.

मार्चचा मंगळवार आला. हॉल भरला, ओल्या लोकरीचा आणि उकडलेल्या घेवड्याचा वास सुटला. सभाध्यक्ष हॉलिस, म्हणजे आमचा गुरांचा डॉक्टर, हातोडी घेऊन बसला. बर्फाच्या ट्रकसाठी दोन लाख तीस हजार डॉलर आम्ही चार मिनिटांत मंजूर केले, कारण एवढा आकडा कुणाच्या डोक्यातच मावत नाही. मग स्मशानातल्या झेंड्यांसाठी साठ डॉलर निघाले, आणि त्यावर चाळीस मिनिटं अशी जुंपली की दोन भाऊ जेवायला वेगळ्या टेबलांवर बसले. पट्टी कमी करा म्हणून सगळे ओरडले आणि माझ्याच रस्त्यावरचं बर्फ आधी काढा म्हणूनही तेच ओरडले. आम्ही असेच आहोत. दरवर्षी जाताना म्हणतो, या गावाला अक्कल कधी येणार, आणि ते गाव म्हणजे आपणच, हे गाडी सुरू करेपर्यंत विसरलेलं असतं.

जेवणानंतर चौदावा विषय आला. वेंडेल त्या दिवशी जागचा हलला नव्हता. ओडेट उठली, हातात कागद नाही, काही नाही.

“बाहेरचा माणूस आणा,” ती म्हणाली. “परका असला तर निदान त्याचा राग तरी धड येतो. ओळखीच्या माणसाने गळा कापला की काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. बस.” आणि ती बसली.

हॉलिसने वेंडेलकडे बघितलं. वेंडेल उभा राहिला. त्याने खिशातून भाषणाचा कागद काढला, आणि तो बघता बघता परत खिशात घातला.

“मित्रहो, या ठरावाला माझा पाठिंबा आहे,” तो म्हणाला. “तो असणारच, त्यावर माझीच सही आहे.”

हॉल हसला. कुणीतरी मागून ओरडलं, “हातमोजे घालून केली म्हणे!”

“घालूनच केली. आणि नियमाचं पुस्तक मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा या जानेवारीत पूर्ण वाचलं. ज्यांना ज्यांना मी ‘नियम म्हणजे नियम’ म्हणालो, त्यांना माझं सांगणं आहे, की तेव्हा मला नियम माहीत नव्हता. हसा, हसा. मीही हसलो. एकसष्टाव्या पानावर लिहिलंय, मी माझ्या उतारावर परत झाडं लावली, तर ओडेटचं तळं धरायचं नाही. तिची पट्टी उतरते. मी दीडशे पाइनची रोपं सांगून ठेवलीत. मे महिन्यात लावतो. नोरीनकडे लिहून दिलंय.”

आता कुणी हसलं नाही. ती झाडं कशासाठी पडली होती ते हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि ओडेट ताडकन उठली.

“खबरदार! अध्यक्ष, याला गप्प करा!”

“ओडेट, बोलायची पाळी त्याची…” हॉलिस म्हणाला.

“पाळी गेली खड्ड्यात! वेंडेल, ते तळं तुझं नाही, बर्निसचं आहे. ते झाकलंस तर याद राख. माझं मी बघेन. जाईन कनेक्टिकटला. म्हणेन गाणी!”

“बर्निस नाहीये आता, ओडेट,” वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. “तू आहेस. तू पण गेलीस तर मी काय करू? तळ्याकडे बघत बसू? मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. मला जमत नाही. तू जाऊ नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी पट्टीबिट्टी सगळं झक मारो.”

अडीचशे माणसं ऐकत होती. आमच्याकडे माणसं असं बोलत नाहीत. घरात बोलत नाहीत, सभेत तर नाहीच नाही. ओडेट उभीच होती. तिने नाक पुसलं, दोनदा पुसलं.

“सगळी नको लावूस,” ती शेवटी म्हणाली. “तिच्या खिडकीसमोर एक फट सोड. खाटेएवढी. माझ्या स्वयंपाकघरातून ती दिसायची नाही. त्या फटीची पट्टी तू भर.”

“भरतो.”

“आणि मी दुपारची येऊन बसेन.”

“ये ना.”

हॉलिसने घसा साफ केला. “ही… ही दुरुस्ती समजायची का?”

“तुला काय समजायचं ते समज,” ओडेट म्हणाली आणि बसली. “आणि तो माझा विषय मागे घे.”

विषय मागे घेता येत नव्हता. एकदा मांडला की मत घ्यावंच लागतं, असं हॉलिसने सभेच्या नियमांच्या पुस्तकात बघून सांगितलं. त्याने विचारलं, आकारणीवाल्यांची पदं बंद करावीत, यावर ‘हो’ म्हणणारे?

“हो!” एकटा वेंडेल ओरडला. मनापासून. जीव तोडून.

“‘नाही’ म्हणणारे?”

छताचे दिवे हलले म्हणतात. त्यात सगळ्यात मोठा आवाज ओडेटचा होता. वेंडेल पुन्हा त्याच कामात अडकला, आणि लोक त्याच्याकडे बघून पोट धरधरून हसले. तोही हसत होता, आणि हातमोज्याने डोळे पुसत होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात चिखल वाळला. रोपं आली, वीतभर उंचीची. सहा रांगांच्या खुणांच्या दोऱ्या लावून झाल्यावर वेंडेल खुंट्या आणि फीत घेऊन उतारावर उभा राहिला, फट नेमकी कुठे सोडायची ते ठरवायला. घराकडे तोंड करून. आत पुढच्या खोलीचं दार ओडेटने उघडलं होतं, त्याला न विचारता. तिने धूळ झटकली, खिडकी वर सरकवली, आणि जिथे खाट होती तिथे खुर्ची टाकून बसली.

“इथे?” वेंडेलने खालून ओरडून विचारलं. खुंटी त्याने बरोब्बर खिडकीच्या मधोमध धरली होती. फीत लावून, इंचाइंचाचा हिशोब करून.

“नाही. माझ्या डावीकडे.”

“मधोमध आहे की गं. मोजलंय मी.”

“तुझं मोजणं राहू दे,” ओडेट म्हणाली. “अजून डावीकडे घे. शेवटी शेवटी तिला उजव्या कुशीवर वळता येत नव्हतं.”

वेंडेलला हे माहीत नव्हतं. तो खुंटी घेऊन तिच्या डावीकडे सरकत गेला, ती ‘बास’ म्हणेपर्यंत.